फावडं, कुदळ आणि फायबरचा सिंह

पलटणीचा बिल्ला म्हणजे दोन तोळे पितळेत ओतलेला तिचा आत्मा. हे वाक्य माझं आहे. एका दिवाळी अंकात मी ते छापून आणलं, आणि छापून आल्यापासून मला त्याची थोडी लाज वाटते. एक तर बिल्ला ओतत नाहीत. पातळ पत्रा ठशावर ठेवून ठोकतात, म्हणून पुढे उठाव येतो आणि मागे पोकळी राहते. दुसरं म्हणजे दोन तोळ्यांचा आत्मा अख्ख्या पलटणीला कसा पुरायचा, याचा मी विचार केला नव्हता.

पण वाक्य जिथे पोचू नये तिथे पोचलं. मंडणगड तालुक्यातल्या आंबेखोल गावाहून छापील लेटरहेडवर पत्र आलं. फौजेत असताना मरण आलेल्या गावच्या नऊ जणांसाठी स्मारकाची कमान उभी राहत होती. कमानीवर पलटणीचा भव्य बिल्ला बसायचा होता आणि मी, म्हणजे ‘या विषयातील थोर अभ्यासक’, यांनी बिल्ल्याच्या चार ओळी इतिहास दगडासाठी लिहून द्यायच्या होत्या. पत्राखाली अध्यक्ष म्हणून वसंतरावांची सही होती. हे मुंबईत बँकेतून निवृत्त होऊन गावी परतलेले गृहस्थ. मी साताऱ्याचा. आमच्याकडे घराआड एक फौजी असतो आणि चौकाआड एक पुतळा, त्यामुळे अशा गोष्टींची मला अॅलर्जी आहे. तरीही गेलो. थोर म्हटल्यावर माणूस जातो.

मिरकरवाडा

बिल्ला रत्नागिरीत तयार होत होता. तो आधी पाहून घ्यावा आणि त्याच्याच टेम्पोतून गावी यावं, अशी सोय वसंतरावांनी केली होती. मी सकाळी मिरकरवाड्यात पोचलो तेव्हा लिलाव अर्धा झाला होता. टोपल्यांभोवती बायका उभ्या होत्या आणि भाव इतक्या वेगाने चढत होता की बांगड्याचा की सुरमईचा हेही मला कळेना. बर्फ फोडणाऱ्या यंत्राचा खडखडाट, उन्हात जाळी पसरून त्यांचे तुटलेले डोळे शिवणारे खलाशी, डिझेल आणि माशाचा एकत्र वास. घाटावरच्या बाजारात निदान वासाला तरी एक जात असते. इथे सगळ्या एकत्र नांदत होत्या. ते मला आवडलं. त्या दिवशी आवडलेली ही शेवटची गोष्ट.

बंदरामागे मुश्ताकभाईंची फायबरच्या होड्या बनवायची शेड आहे. तिथे दोन अर्धवट होड्यांच्या मध्ये बिल्ला टेकवून ठेवला होता. माझ्या छातीएवढा उंच. मधोमध आयाळवाला सिंह, सिंहाला पंख, पंखांच्या मागे उगवता सूर्य, सिंहाच्या पायाखाली एकमेकींवर आडव्या दोन तलवारी आणि तलवारींच्या खाली फितीवर, सोनेरी रंगात, एक आंबा.

“हे काय आहे?” मी विचारलं.

“हापूस,” मुश्ताकभाई म्हणाले.

“ते दिसतंय. बाकीचं?”

“सिंह शाळेच्या कमानीचा आहे. मोल्ड होता माझ्याकडे. पंख एका होडीवर गरूड बसवलेला, त्याचे. अध्यक्षसाहेबांच्या मुलाने मोबाइलवर फोटो पाठवले तीन. मी विचारला, ह्यातला कुठला करू? तर बोलला, तीनही करा.”

“आणि आंबा?”

“तो बोलला, आपलं काही तरी पाहिजे.”

मला राग आला तो इथे पहिल्यांदा. मी जवळच्या फळीवर बसलो. फळीला नुकतंच रेझिन लावलेलं होतं हे बसल्यावर कळलं. पुढचे चार दिवस माझ्या पँटचा मागचा भाग एखाद्या ढालीसारखा कडक होता. मुश्ताकभाईंनी दिलगिरी व्यक्त केली, चहा मागवला आणि मग मुद्द्याचं बोलले.

“साहेब, तलवारींचं मात्र मी नाही काढलेलं. गावात एक बाई आहे, तिच्या देव्हाऱ्यात खरा बिल्ला आहे म्हणे. घासून घासून सपाट झालाय. त्याच्यावर दोन काठ्या आडव्या दिसतात. अध्यक्ष बोलले, दोन आडव्या म्हणजे तलवारीच.”

आता जरा शहाणपण सांगतो, कारण त्याशिवाय पुढचा राग कळायचा नाही. फौजी बिल्ल्यावरची चित्रं म्हणजे एक प्रकारची नोकरीची पाटी असते. आडव्या तलवारी बहुधा घोडेस्वारांच्या, तुतारी चपळ पायदळाची. साहेबाच्या काळात वर मुकुट असे. राज्य गेलं, मुकुट गेला आणि त्याच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह येऊन बसले. ते सिंह शांत असतात, त्यांना पंख नसतात. आणि ज्यांचं काम रस्ते खणायचं, पूल बांधायचं, सामान वाहायचं, त्यांच्या बिल्ल्यावर त्यांची हत्यारं असत. फावडं, कुदळ, कुऱ्हाड. ज्यानं हे पहिल्यांदा ठरवलं तो माणूस प्रामाणिक असला पाहिजे. पाटीवर धंदा लिहावा, तसा.

दोन आडव्या काठ्या म्हणजे काहीही असू शकतं. हे मी मुश्ताकभाईंना म्हणालो. ते म्हणाले, “मला काय, मी उद्या फिटिंगला येतो. सांगाल ते लावतो. पण रेझिन सुकल्यावर सिंहाचा बोकड नाही होणार.”

खानावळीत सुरमईचं कालवण आणि भात जेवलो. सोलकढीची तिसरी वाटी मागितली तेव्हा वाढणाऱ्या बाई म्हणाल्या, “घाटावरचे का? मग घ्या.” आमच्याकडे पाहुण्याला आग्रह करतात. इथे त्याच्यावर दया करतात. चव सारखीच लागते.

आंबेखोल

टेम्पोत माझ्या मांडीला मांडी लावून सिंह होता. वाटेतल्या घाटात वळण आलं की तो पंखानं मला ढोसायचा. मंडणगडच्या अलीकडे डोंगर सुरू झाले, लाल जांभ्याच्या कापलेल्या भिंती, मधूनच भाताची रिकामी खाचरं, आणि घरांना मोठमोठी कुलुपं. माणसं मुंबईला. कुलुपं मात्र नियमित तेल घातलेली, चकचकीत.

कमान गावात शिरतानाच दिसते. जांभ्याच्या चिऱ्यांची चांगली देखणी बांधली होती आणि मग तिच्यावर बाथरूमची फरशी लावली होती. एका बाजूला काळा दगड, त्यावर नऊ नावं कोरलेली, आणि वर ठळक ओळ: ‘रणांगणावर शत्रूशी झुंजताना धारातीर्थी पडलेले आमचे वीर’.

वसंतराव हार घेऊन उभे होते. त्यांच्याबरोबर गावातले एकमेव हयात फौजी, सुभेदार, ताठ, पांढऱ्या मिशांचे, पायात चकाकते बूट. हार झाल्यावर मी सुभेदारांना एकीकडे घेतलं.

“हे नऊ जण कुठल्या लढाईत गेले?”

सुभेदार दगडाकडे बघत म्हणाले, “पहिले दोघं लढाईत. खरोखर.”

“आणि बाकीचे?”

“तिसरा नदीत वाहून गेला, सरावाच्या वेळी. चौथा दरडीखाली, रस्त्याच्या कामावर. पाचव्याला कावीळ. सहावा...” त्यांनी घसा खाकरला. “सहावा सुटीवर येताना एसटीला अपघात.”

सातव्याच्या आधीच मी त्यांना थांबवलं. म्हणजे शत्रूंच्या फळीत एक नदी, एक दरड, एक कावीळ आणि एक एसटी. मी तसं म्हणालो. सुभेदारांच्या मिशा हलल्या, पण ते हसले नाहीत. फौजेत ही कला शिकवतात.

ती ओळ कोणी लिहिली, हे विचारायची गरज नव्हती. वसंतराव शेजारीच उभे होते आणि ओळीकडे बापाच्या नजरेनं बघत होते. मला नऊ माणसांचा राग नव्हता, रागाला कारण ती नव्हतीच. ती माणसं आपापल्या जागी, आपापल्या मरणानं मेली, आणि त्यात कुठेही कमी काही नव्हतं. कमी पडलं ते वसंतरावांना. त्यांना मेलेल्या माणसांना बढती द्यायची होती.

“मूळ बिल्ला कुठे आहे?” मी विचारलं.

“चौथ्याच्या मुलीकडे,” वसंतराव म्हणाले. “सुलूकडे. देव्हाऱ्यात घालून बसलीय. उद्घाटनाला काचेच्या पेटीत ठेवायला मागितला, तर देत नाही. तुम्ही तज्ज्ञ, तुम्ही सांगून बघा.”

सुलूताईंच्या घरी

सुलूताईंचं घर वाडीच्या टोकाला, उतारावर. शेवाळलेल्या पायऱ्यांवरून मी एकदा घसरलो. कडक पँटमुळे लागलं नाही, एवढाच त्या रेझिनचा उपयोग. ताई साठी ओलांडलेल्या, बारीक, हाताला पीठ लागलेलं. परातीत तांदळाच्या पिठाची उकड मळत होत्या, भाकरीसाठी.

“या. वसंतदादा बोलले, तज्ज्ञ येतायत. मला वाटलं डोळं तपासायला. म्हनलं बरं झालं, डाव्या डोळ्यातनं पानी येतंय.”

“मी बिल्ल्याचा तज्ज्ञ.”

“आसला पन आसतो?” त्या म्हणाल्या, आणि खरोखर नवल वाटल्यासारख्या माझ्याकडे बघत राहिल्या. माझ्या अभ्यासाबद्दल इतका अचूक अभिप्राय मला आजवर मिळालेला नाही.

त्यांनी कुळथाची पिठी, भाकरी आणि भाजलेला सुका बांगडा पुढे ठेवला आणि जेवता जेवता सगळं सांगितलं. वडील गेले तेव्हा त्या पाळण्यात होत्या. दूर डोंगरात, सरहद्दीकडे रस्ता खणायचं काम चाललं होतं, तिथे दरड आली. देह सापडला नाही. गावी आलं ते पार्सल: एक घोंगडी, बुटांचा जोड आणि टोपीवरचा बिल्ला.

“देह नाय, त मंग दहावं कशाचं घालायचं? आयेला कोन काय सांगंना. शेवटी गुरव बोलला, घरातलं मानूस आसं अवचित गेलं की त्याचा टाक करतात, ह्योच टाक समज. देवात बसव.”

टाक म्हणजे देव्हाऱ्यातला धातूचा छोटा ठसा. देवाचा असतो, तसाच घरातल्या अकाली गेलेल्या माणसाचाही असतो. आमच्याकडे घाटावर चांदीच्या पत्र्यावर घोडेस्वार काढतात, माणूस आयुष्यात कधी घोड्यावर बसलेला नसला तरी. इथे सैनिकाचा स्वतःचाच बिल्ला देवात गेला. एवढी नेमकी गोष्ट मी कुठल्याही संग्रहालयात पाहिली नाही.

“मंग दर अवसेला आये त्यो घासायची. रातांब्याची सोलं आनि राख. बाकीच्या देवांना एकदा हात फिरवायची आनि ह्याला घासत बसायची. बोटाचं कातडं जायाचं. मी म्हनायची, आये, झाला गो लख. तरी घासायची.”

देव्हाऱ्यात इतर टाकांच्या मध्ये तो होता. तांब्याच्या चकतीवर लाखेनं बसवलेला. चेहरा पूर्ण गेलेला, नाण्याहून गुळगुळीत. उन्हात तिरका धरला तर दोन आडव्या रेघांची सावली दिसायची. पन्नासेक वर्षांच्या अमावास्या त्यावरून गेल्या होत्या. गंजानं नाही, चोरानं नाही, प्रेमानं पुरावा खाल्ला होता.

“तुम्हाला काय वाटतं, काय होतं यावर?”

“मला बगितल्याचं ठाव नाय. माझ्या वक्ताला सपाटच होता. पन आये सांगायची, बापूस पत्रात लिवायचा, आज एवढं खनलं, आज तेवढं खनलं. पत्रं वाळवीनं खाल्ली.” त्यांनी माझ्या ताटात आणखी अर्धी भाकरी टाकली. “शाळेत पोरं मला खड्डेवाल्याची म्हनायची. आता दादा म्हनतात, तुझा बापूस तलवारवाला. आवो, माझ्या बापसानं तलवार बगितली आसंल ती देवळातल्या पालखीत.”

“मग तुमचं म्हणणं काय?”

“काय होतं त्ये लिवा. येवढंच. खोटं लिवलं त त्या दगडावर दुसराच कोन तरी मेला आसं होईल. माझा बापूस मंग कुठं मेला?”

मी जेवण थांबवलं. बिल्ले ठोकून काढतात, हे मला माहीत होतं, लिहायच्या वेळी सोयीस्कर विसरलो होतो एवढंच. पुढचा उठाव घासला गेला असेल, पण मागची पोकळी? ती तर लाखेखाली झाकलेली होती. मी विचारलं, हा चकतीवरून काढता येईल का?

त्यांनी हात धुतले. मग देव्हाऱ्यापुढे बसल्या, “रागवू नको रे बाबा,” म्हणाल्या आणि चकती चिमट्यात धरून चुलीच्या धगीवर नेली. लाख पाघळली, बिल्ला सुटला. मागची बाजू काळीकुट्ट होती. त्यांनी अंबाड्यातला आकडा काढून खाचेतली लाख कोरून काढली. मी दिव्याजवळ नेऊन बघत होतो, उलटी चित्रं डोळ्याला नीट लागत नव्हती. मी चष्मा पुसत बसलो.

“द्या हिकडं,” त्या म्हणाल्या. परातीतला उकडीचा गोळा घेतला, बिल्ल्याच्या मागच्या बाजूला अंगठ्यानं दाबून दाबून भरला आणि अलगद सोडवून तळहातावर घेतला.

पांढऱ्या उकडीत स्वच्छ उठलं होतं. एका बाजूला रुंद तोंडाचं फावडं, दुसऱ्या बाजूला दोन टोकांची कुदळ, दोन्हींचे दांडे एकमेकांवर आडवे. खालच्या फितीवर ‘पायोनिअर’ ही इंग्रजी अक्षरं, सुलटी.

सुलूताईंनी तळहात दिव्याजवळ नेला.

“ह्ये त फावडं,” त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, “बरं झालं. आयेनं ही बाजू नाय घासली.”

सहाणेवर

देवळापुढच्या सहाणेवर, जिथे शिमग्यात पालखी बसते, तिथे संध्याकाळी समिती बसली. मी हळदीच्या पानावर उकडीचा ठसा घेऊन गेलो. तो आता थोडा सुकला होता, पण फावडं ठाम होतं. मी सगळं समजावून सांगितलं. मला वाटलं लोक थक्क होतील. एक जण म्हणाला, “भाकरीवर इतिहास?” आणि हशा झाला.

वसंतराव हसले नाहीत. ते माझ्याकडे बघून म्हणाले, “पाहुणे, आम्ही तुम्हाला इतिहास लिहायला बोलावलंय, बदलायला नाही.”

“बदलला तुम्ही. मी फक्त उलटून बघितला.”

“अहो, कमानीवर फावडं? लोकांना वाटेल रोजगार हमीची कमान आहे. मुंबईहून मंडळी येणार, मोठे निवृत्त अधिकारी येणार. त्यांना काय सांगू, आमच्या गावचे वीर मातीकाम करत होते?”

“सगळे नाही. एक करत होता. करता करता मेला. तेवढं सांगा.”

“तुम्हीच लिहिलंय ना,” ते म्हणाले, आणि त्यांनी खिशातून तो दिवाळी अंकातला कागद काढला, झेरॉक्स, माझ्या वाक्याखाली लाल रेघ. “बिल्ला म्हणजे पलटणीचा आत्मा. मग आत्म्याला फावडं शोभतं का?”

त्या क्षणी मला वसंतरावांपेक्षा त्या लेखकाचा जास्त राग आला. मी सुभेदारांकडे वळलो. “तुम्ही त्या सरहद्दीकडे कधी होतात का? तुम्ही सांगा.”

सुभेदारांनी बुटांकडे बघितलं. मग म्हणाले, “त्याच रस्त्यानं आम्ही वर गेलो. आमची पलटण. तो रस्ता नसता तर आम्ही खालीच बसलो असतो. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खोल दरी. पायोनिअरांनी ते कसं खणलं, ते खणणाऱ्यांनाच ठाऊक.”

एक-दोघांनी माना डोलावल्या. मला वाटलं, झालं.

“पण,” सुभेदार म्हणाले, “कमानीवर फावडं बरं दिसत नाही.”

बरं दिसत नाही. मी आयुष्यात शिव्या ऐकल्या आहेत, पण इतकी सभ्य शिवी नाही ऐकली. जो माणूस त्या रस्त्यावरून चालून गेला, त्यालाच रस्ता खणणारा दाराशी नको होता. मी काही तरी बोललो. आवाज चढवून बोललो, त्यात ‘अन्नात माती’ आणि ‘मातीत माणूस’ असलं काही तरी होतं, ते आता आठवून अंगावर काटा येतो. कोणावरही परिणाम झाला नाही. रागानं बोललेलं आणि समितीनं ठरवलेलं यांत समिती नेहमी जिंकते.

वसंतराव समजुतीच्या सुरात म्हणाले, “आपण असं करू. फावड्याचं चित्र स्मरणिकेत घेऊ. आख्खं पान देऊ. जाहिरातींच्या आधी.”

बायका एका कडेला बसल्या होत्या. तिथून सुलूताईंचा आवाज आला. मोठा नव्हता.

“दादा, मंग माझ्या बापसाचं नाव तिथनं काढा.”

“अगं सुलू, काही तरी काय? दगडावर कोरलंय.”

“छिन्नीनं घातलं ना? मंग छिन्नीनं काढा.”

“तुझ्याच बापाचा मान आहे तो.”

“मान तलवारवाल्याचा हाय. त्यो कोन, मला ठाव नाय. माझा बापूस न्हवं त्यो.”

“तू रागात बोलतेयस. घरी जा, विचार कर.”

“मी विचार करूनच आलंय. तुमीच उठून आलाव मुंबईवरनं, बिनइचाराचं.” बायकांत कोणीतरी फिस्सकन हसलं. सुलूताई हसल्या नाहीत. “आये आयुश्यभर त्याला घासत व्हती, तवा तुमी कोनी आलं नाय इचारायला, ह्यो कोन. आता सिंव्ह आनलाव. ठेवा त्याला. माझा मानूस मला परत द्या.”

त्या उठल्या, माझ्या हातातलं हळदीचं पान घेतलं, पदराआड धरलं आणि निघून गेल्या. समितीनं नाव ठेवायचं की काढायचं यावर आणखी तासभर चर्चा केली. शेवटी, मुलीनं उद्घाटनाच्या वेळी पाहुण्यांसमोर काही बोलू नये म्हणून, नाव काढायचं ठरलं. तत्त्वासाठी नाही, शिस्तीसाठी.

उद्घाटन

मी चार ओळी लिहून द्यायला नकार दिला, पण निघून गेलो नाही. का थांबलो ते मला नीट सांगता येणार नाही. बहुधा चिडलेल्या माणसाला शेवटपर्यंत बघायचं असतं.

सिंह वर चढवून झाल्यावर मुश्ताकभाई काळं रेझिन घेऊन दगडाजवळ आले. नावाची अक्षरं खोल कोरलेली होती, छिन्नीनं काढली तर दगड तडकला असता, म्हणून ती भरून टाकायची होती. सुलूताई तिथे उभ्या होत्या. मुश्ताकभाईंनी ब्रश हातात धरला आणि थांबले.

“बाई, नक्की भरू? एकदा सुकला की निघणार नाही.”

“भर, बाबा.”

त्यांनी एकेक अक्षर भरलं, कडेनं नीट, मग ओल्या फडक्यानं दगड पुसला. एवढं जपून काम त्या कमानीवर दुसऱ्या कोणी केलं नव्हतं. मग जाताना त्यांनी सुलूताईंना नमस्कार केला, वसंतरावांना केला नाही. वसंतरावांच्या ते लक्षात आलं नाही, माझ्या आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे आले. निवृत्त अधिकारी, उंच, सौम्य. ढोल-ताशे झाले, फीत कापली. त्यांनी मान वर करून बिल्ल्याकडे बघितलं आणि बराच वेळ बघत राहिले. मग वसंतरावांकडे झुकून विचारलं, “हा कोणत्या पलटणीचा?”

“सर्वच पलटणींचा, साहेब,” वसंतराव म्हणाले.

अधिकाऱ्यांनी टाचा जुळवल्या आणि कडक सॅल्यूट ठोकला. सिंहाला, पंखांना, सूर्याला, तलवारींना आणि हापूसला. शेजारी सुभेदारांनीही ठोकला. भाषणांत ‘रणांगण’ हा शब्द इतक्या वेळा आला की मी शेवटी मोजणं सोडलं. कावीळ झालेल्याच्या पुतण्याला शाल मिळाली. तो शालीकडे आणि दगडावरच्या ओळीकडे आळीपाळीनं बघत होता, आणि मला वाटलं की त्याला काही तरी बोलायचं आहे. बोलला नाही. शाल चांगली होती.

सुलूताई आल्या नव्हत्या. निघताना मी त्यांच्या घरी गेलो. त्या अंगणात सुपात कुळीथ निवडत होत्या. आत देव्हाऱ्यात बिल्ला परत चकतीवर बसवला होता, पण उलटा, पोकळी वर करून. जवळून बघितलं तर फावडं दिसायचं, डावं-उजवं बदललेलं, पण फावडंच. त्यावर कुंकवाचं एक बोट.

“घासणार का?” मी विचारलं.

“नाय,” त्या म्हणाल्या. “आता नुसतं पानी.”

परवा तिथल्या एकानं कमानीचा फोटो पाठवला. दगडावर आता आठ नावं आहेत. तिसऱ्या आणि पाचव्याच्या मधली ओळ रिकामी राहिली होती, आणि ती बरोबर माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर येते, म्हणून तिथे ग्रामपंचायतीनं पांढऱ्या रंगात लिहिलं आहे: येथे दुचाकी लावू नये.